पहिलं पुस्तक स्वतः काढताय? मग संपादन आणि मुद्रितशोधन असं करून घ्या

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारे आता गावोगाव आहेत. कुणी आजोबांच्या आठवणी लिहितं, कुणी कुलवृत्तांत, कुणी गावाचा इतिहास, कुणी नोकरीतले अनुभव. लिहून होतं आणि मग कळत नाही की हे आता द्यायचं कुणाकडे. बहुतेक जण सरळ डीटीपीवाल्याकडे जातात, तो पानं लावून देतो, मग कुणीतरी म्हणतं अहो एकदा प्रूफ तरी बघून घ्या, मग ओळखीतल्या एखाद्या निवृत्त सरांना प्रिंट दिली जाते, ते लाल पेनाने पानं भरून देतात, त्या करेक्शन लावताना सगळी मांडणी हलते, अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकतात, आणि शेवटी सगळेच दमतात आणि जाऊ दे, छापून टाका असं होतं.

मी आमच्या तालुक्यातल्या जुन्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींवर, पुस्तक केलं. त्यात संपादक, मुद्रितशोधक, डीटीपी, छापखाना असं सगळं स्वतःच बघायला लागलं. त्यातून जे कळलं ते खाली क्रमाने लिहितेय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: आधी संपादन, मग मांडणी, मग मुद्रितशोधन. हा क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात आणि पुस्तक तरीही नीट होत नाही.

१. तुम्हाला नेमकं कुठलं काम करून घ्यायचंय ते आधी ठरवा

आपण सरसकट "प्रूफ चेक करून द्या" म्हणतो, पण त्यात तीन वेगळी कामं असतात. पहिलं म्हणजे अख्ख्या संहितेचं संपादन: प्रकरणांचा क्रम बरोबर आहे का, एकच गोष्ट तीन ठिकाणी आलीय का, कुठलं प्रकरण काढलं तरी चालेल. दुसरं भाषेचं संपादन, म्हणजे वाक्यावाक्यावर काम, अर्थ लगेच कळतोय का, शब्द जास्त झालेत का. आणि तिसरं मुद्रितशोधन, म्हणजे पानं लागल्यावर ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, सुटलेले शब्द, पान क्रमांक वगैरे तपासणं.

फरक कळायला एक वाक्य घेऊ. असली वाक्यं आपल्या सगळ्यांच्या लेखनात असतात:

"सदर बारवेचे बांधकाम हे अतिशय भव्यदिव्य अशा स्वरूपाचे करण्यात आलेले असून तिच्यामध्ये उतरण्याकरिता पायऱ्यांची व्यवस्था करण्यात आलेली आहे व सदर पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना असलेल्या भिंतींमध्ये देवकोष्ठे असल्याचे दिसून येते."

हे मुद्रितशोधकाला दिलंत तर तो जसंच्या तसं परत देईल, कारण यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. त्याने त्याचं काम चोख केलेलं असेल. भाषेच्या संपादकाकडे दिलंत तर असं काहीतरी येईल:

"बारवेत उतरायला पायऱ्या आहेत. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत देवकोष्ठे आहेत."

आणि शेजारी कमेंट असेल: "'भव्यदिव्य' काढलं आहे. त्याऐवजी मापं देता येतील का? लांबी, रुंदी, पायऱ्यांची संख्या?"

ही कमेंट म्हणजे खरं संपादन. संपादकाने मापं स्वतःच्या मनाने घातली नाहीत, 'दगडी पायऱ्या' असंही केलं नाही कारण दगड मूळ वाक्यात नव्हता, त्याने फक्त विचारलं. आता मापं आणायची की नाही ते तुम्ही बघायचं. पण आणलीत तर वाचकाला बारव डोळ्यांसमोर दिसते, 'भव्यदिव्य' वाचून काहीच दिसत नाही.

तर स्वतःला विचारा, तुमचं लेखन कुठल्या अवस्थेत आहे. पहिलंच पुस्तक असेल तर भाषेचं संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन्ही कामं हवीतच असं माझं स्पष्ट मत आहे, आणि शक्यतो दोन वेगळ्या माणसांकडून. ज्याने संपादन केलंय त्याला मजकूर पाठ झालेला असतो, त्याच्या डोळ्यांना चुका दिसत नाहीत. बजेट खरंच कमी असेल तर संपादनावर खर्च करा आणि मुद्रितशोधनाला घरचे दोन चांगले वाचक लावा. उलटं करू नका.

२. फाइल युनिकोडमध्ये आहे ना ते बघा

बऱ्याच जणांनी मजकूर जवळच्या टायपिंग सेंटरमधून टाइप करून घेतलेला असतो आणि तो श्रीलिपी, कृतिदेव, आकृती असल्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. ओळखायची सोपी पद्धत: थोडा मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड, चित्रविचित्र चिन्हं दिसली तर जुना फॉन्ट. युनिकोड म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर तसाच वाचता येईल असा मजकूर साठवायची पद्धत. संपादकाला ट्रॅक चेंजेसमध्ये (म्हणजे प्रत्येक बदल दिसेल असं) काम करायचं असेल, शब्द शोधायचे असतील, तर युनिकोडला पर्याय नाही.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर मिळतात आणि ते बरंच काम करतात, पण सगळं नाही. रूपांतर झालं की या जागा नीट बघा:

- रफार आणि पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, त्यामुळे जोडाक्षर आलं की रूपांतरात ही चिन्हं शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात.
- ऱ्य आणि ऱ्ह. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं तर डोंगरातल्या दरीचा समुद्र होतो, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्याने कुठलंही स्पेलचेक तिथे थांबत नाही.
- द्ध. 'शुद्ध'च्या जागी 'शुध्द', 'पद्धत'च्या जागी 'पध्दत' हे इतकं सर्रास आहे की फाइलमध्ये नुसतं 'ध्द' शोधलंत तरी ढीगभर सापडतील.

अजून एक बारीक गोष्ट, ही मला बऱ्याच उशिरा समजली. 'पायऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण शोधायला गेलं तर एकच सापडतो. त्यामुळे एखादा शब्द 'सगळीकडे बदलला' असं वाटतं आणि अर्धे तसेच राहतात. फाइल दोन-तीन जणांनी टाइप केली असेल तर हे हमखास होतं, संपादकाला आधीच सांगून ठेवा.

३. देण्याआधी घरी करायची साफसफाई

जे काम तुम्ही स्वतः करू शकता त्याचे पैसे दुसऱ्याला का द्यायचे. संपादकाचा वेळ डबल स्पेस काढण्यात जाऊ नये. फाइल द्यायच्या आधी एवढं करा: सगळी प्रकरणं एकाच फाइलमध्ये क्रमाने आणा, फॉन्ट एक ठेवा, ओळी सोडायला स्पेसबार आणि एंटरची रांग लावली असेल तर काढा, फोटो वर्डमध्ये चिकटवू नका, तिथे फक्त 'फोटो ७ इथे' असं लिहा आणि फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये मूळ आकारात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो छपाईला कमी पडतात, डॉक्युमेंट म्हणून मागवा.

एक सावधगिरी. 'रिप्लेस ऑल' वापरताना हात आवरा. 'नागपुर', 'सोलापुर' असं सगळीकडे झालंय म्हणून 'पुर' शोधून एकदम 'पूर' केलंत की 'पुरावा'चा 'पूरावा' आणि 'पुरंदर'चं 'पूरंदर' होतं. एकेक जागा बघत बदला, वेळ लागतो पण तोच मार्ग आहे.

संपादकाला फाइलबरोबर काय काय द्यायचं त्याची यादी:

- युनिकोडमधली वर्ड फाइल किंवा गूगल डॉक, आणि त्याचीच एक पीडीएफ (म्हणजे त्याच्याकडे उघडताना काही हललं तर मूळ कसं होतं ते कळेल)
- अर्ध्या पानाचं टिपण: पुस्तक कशाबद्दल आहे, कोण वाचणार, साधारण किती पानं व्हावीत
- माणसांची आणि गावांची नावं, तुम्हाला हवी त्या स्पेलिंगने
- स्थानिक आणि धंद्यातल्या शब्दांची अर्थासह यादी
- जिथे दुसऱ्याचा मजकूर उद्धृत केलाय त्या मूळ पानांचे फोटो
- परवानग्यांची पत्रं, असतील तर

स्थानिक शब्दांची यादी मी मुद्दाम सांगतेय. मोटेच्या विहिरीबद्दल लिहिलं की त्यात नाडा म्हणजे जाड दोर येतो, सोंदूर म्हणजे बारीक दोर येतो, थारोळं येतं, बैल चालतात ती धाव येते. शहरात वाढलेल्या संपादकाने मोट कधी बघितलेलीच नसते. त्याला 'सोंदूर' ही टायपिंगची चूक वाटू शकते आणि तो प्रामाणिकपणे 'सिंदूर' करून ठेवेल. यादी दिली की हा धोका जातो, आणि तीच यादी पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थ म्हणून वापरता येते.

परवानग्यांचंही याच वेळी बघा. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ही वर्षं निधनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १९६४ मध्ये गेलेल्या लेखकाचं लेखन २०२५ सुरू झाल्यावर मोकळं झालं. दोन ओळींचं उद्धृत आणि पूर्ण कविता यात फरक आहे, पूर्ण कविता घालायची असेल तर वारसांना किंवा प्रकाशकाला विचारा.

४. माणूस कसा शोधायचा

तुम्हाला आवडलेली आणि नीट छापलेली, आपल्याच विषयाच्या आसपासची तीन-चार पुस्तकं काढा आणि सुरुवातीची पानं बघा. चांगल्या पुस्तकात मुद्रितशोधकाचं, कधी संपादकाचं नाव दिलेलं असतं. प्रकाशकाला फोन करून विचारलं तर बहुतेक जण नंबर देतात. दिवाळी अंकांच्या श्रेयनामावलीतही ही नावं असतात. पण दिवाळीच्या आधीचे तीन-चार महिने ही सगळी मंडळी अंकांच्या कामात बुडालेली असतात, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घाईचं काम घेऊन जाऊ नका.

मराठी विषयात एमए आहे किंवा शाळेत मराठी शिकवतात एवढ्यावर काम देऊ नका. शिकवणं वेगळं आणि संपादन वेगळं. काही शिक्षक फार उत्तम संपादक असतात, पण काहींना वाक्य जड केल्याशिवाय ते 'ग्रांथिक' झालं असं वाटत नाही, आणि तुमचं सरळ वाक्य 'करण्यात आलेले आहे' होऊन परत येतं.

म्हणून नमुना मागा. तुमच्याच लेखनातली दोन पानं द्या आणि ती संपादित करून मागा. पहिली पानं देऊ नका, ती तुम्ही वीस वेळा घासलेली असतात. मधल्या कुठल्यातरी प्रकरणातली, घाईत लिहिलेली पानं द्या. जमल्यास या नमुन्याचेही पैसे द्या, त्याचा वेळ जातो. परत आल्यावर बघायचं ते असं: कमेंटमध्ये प्रश्न विचारलेत का? तुमचा आवाज तसाच राहिलाय का? आणि एखादं चांगलं वाक्य हात न लावता सोडून दिलंय का? जो प्रत्येक वाक्य बदलतो तो स्वतःचं पुस्तक लिहितोय असं समजा.

५. पैसे आणि बोलणी

दर पानावर असतो, शब्दांवर असतो किंवा फर्म्यावर. फर्मा म्हणजे १६ छापील पानं. सगळ्यात जास्त गैरसमज 'पान' या शब्दावरून होतात. ४०,००० शब्दांचं पुस्तक २५० शब्दांचं पान धरलं तर १६० पानं होतात, ४०० शब्दांचं धरलं तर १००. दर तोच, बिल केवढं वेगळं! म्हणून शक्यतो शब्दांवर ठरवा, वर्डमध्ये खाली आकडा दिसतोच.

तोंडी काहीही ठेवू नका. मोठा करार नको, एक साधा ईमेल पुरे, पण त्यात एवढं यायला हवं: काम कुठलं (संपादन, मुद्रितशोधन की दोन्ही), दर आणि मोजायची पद्धत, किती फेऱ्या, आगाऊ किती, तारीख, आणि तुम्ही नंतर मजकूर वाढवलात तर त्याचे पैसे कसे. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. संपादन झाल्यावर आपल्याला हमखास नवीन आठवणी सुचतात, मग दोन पानं इथे, एक प्रकरण तिथे, आणि संपादकाने ते फुकट बघावं अशी अपेक्षा असते. ते बरोबर नाही.

वेळही वाजवी द्या. भाषेचं संपादन मन लावून करणारा माणूस दिवसभर बसून फार पानं करू शकत नाही. "आठवड्यात पूर्ण पुस्तक करून देतो" म्हणणारा एकतर नुसती वेलांटी बघणार आहे किंवा मजकूर कुठल्यातरी सॉफ्टवेअरमधून काढणार आहे. सॉफ्टवेअर वापरायला माझी हरकत नाही, लिब्रेऑफिसमध्ये मराठी स्पेलचेक टाकता येतं आणि ढोबळ चुका ते पकडतं, पण 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' असे दोन्ही शब्द कोशात असतात, तिथे माणूसच लागतो. म्हणून कुठली साधनं वापरणार ते स्पष्ट विचारा. तुमच्या घरातली खाजगी पत्रं मजकुरात असतील तर ती कुठल्या ऑनलाइन साधनात टाकायची नाहीत हेही त्या ईमेलमध्ये लिहा.

आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे कुणी मागितले तर थांबा. तो नंबर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, ऑनलाइन अर्ज करायचा असतो, स्वतः पुस्तक काढणारा लेखकही करू शकतो आणि त्याला फी नाही. कुणी अर्ज भरायची मेहनत म्हणून काही घेत असेल तर ठीक, पण नंबरची किंमत म्हणून नाही.

६. एक पानाचं शैलीपत्रक करा

काम सुरू व्हायच्या आधी संपादकाबरोबर अर्धा तास बसून (फोनवरही चालतं) काही गोष्टी ठरवून टाका आणि लिहून ठेवा. 'केले' की 'केलं'? आकडे देवनागरी की इंग्रजी? 'इ. स.' की 'सन'? दहापर्यंतचे आकडे अक्षरी? इंग्रजी शब्द देवनागरीत कसे लिहायचे, 'डॉक्टर' ठीक आहे पण 'बॅंक', 'बँक' यातलं कुठलं? नावांपुढे श्री. लावायचं का?

शुद्धलेखनासाठी आधार मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांचा. १९६२ मध्ये १४ आणि १९७२ मध्ये आणखी ४ असे एकूण १८ नियम आहेत, आणि एका बैठकीत वाचून होतात. ते वाचाच. गावाच्या नावातलं 'पूर' दीर्घ लिहायचं, 'एकादा' नाही 'एखादा' लिहायचं, इतकं साधं त्यात आहे. आणि पात्राच्या तोंडी बोलण्यातली रूपं ठेवायला त्या नियमांतच मुभा आहे. म्हणजे म्हातारी बाई "इहिरीला पानी व्हतं" म्हणाली असेल तर ते तसंच छापता येतं, कुणी 'अशुद्ध' म्हणून ते 'विहिरीला पाणी होतं' करू नये. निवेदन प्रमाण भाषेत आणि बोलणं बोलीत, हे शैलीपत्रकात ठळक लिहा. पारिभाषिक शब्द अडले तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन शोधता येतात.

इतिहासाचं लेखन असेल तर सनांचं वेगळं ठरवा. जुन्या कागदांत आणि शिलालेखांत शके येतात, शुहूर सन येतो, फसली येतो, या सगळ्या वेगवेगळ्या कालगणना, आणि टिपणं काढताना 'शके' हा शब्द गळून नुसता आकडा उरतो. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर घ्या, शिलालेखात शके १६४१ ते १६४६ आहे, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४, शाहू महाराजांचा काळ. कुणी नुसतं '१६४१ साली' लिहिलं तर विहीर शिवाजी महाराजांच्या लहानपणात जाऊन पडते. शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन या महिन्यांसाठी ७९. पुस्तकात पहिल्यांदा दोन्ही सन द्यायचे आणि पुढे फक्त इसवी, असं काहीतरी ठरवून टाका. चांगला संपादक हे स्वतःहून विचारतो, तेवढ्यावरूनही माणूस कळतो.

७. संपादित फाइल परत आली की

पहिल्यांदा उघडताना लाल रेघा बघून छातीत धस्स होतं, सगळ्यांचंच होतं. लगेच फोन करू नका. वर्डमध्ये 'सिंपल मार्कअप' निवडा म्हणजे बदल झाकले जातात, आणि आधी एक प्रकरण वाचकासारखं सलग वाचा. बहुतेक ठिकाणी काय बदललं ते कळणारही नाही, फक्त वाचायला सोपं गेलेलं असेल. त्यानंतर बदल दाखवून एकेक बघा.

'अ‍ॅक्सेप्ट ऑल' करू नका. वेलांटी-उकाराचे बदल भराभर स्वीकारा, तिथे भांडत बसू नका. अर्थ बदलणारे बदल मात्र प्रत्येक तपासा. 'साधारण', 'बहुधा', 'असं म्हणतात' असे शब्द संपादक जास्तीचे म्हणून काढतो आणि तुमचा अंदाज ठाम विधान होऊन बसतो, हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय. गावातल्या दोन घराण्यांच्या वादाबद्दल लिहिलेलं असेल तर असा एक शब्द जाणं महागात पडू शकतं.

कमेंटमधल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्या, "माहीत नाही, वाक्य काढा" हेही उत्तर आहे. आणि काही बदल ट्रॅक न करता झालेत अशी शंका असेल तर वर्डमधल्या 'कंपेअर'ने मूळ फाइल आणि आलेली फाइल समोरासमोर लावा, सगळं दिसतं.

फाइलच्या नावात तारीख घाला. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नक्की' असल्या फाइली जमल्या की कुणाकडे कुठली आहे ते कुणालाच कळत नाही. एका वेळी एकाच माणसाच्या हातात फाइल, हा नियम मोडू नका.

८. आता मांडणी, आणि मग प्रूफ

मजकूर पूर्ण गोठला, एकही नवा परिच्छेद यायचा नाही असं झालं की मगच डीटीपी. त्यांना दोन गोष्टी सांगा. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम असेल तर देवनागरीसाठी 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर चालू ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. आणि फॉन्ट असा घ्या ज्यात मराठी वळणाचे ल आणि श आहेत. कॉम्प्युटरवरचा मंगल हिंदी वळणाचा दिसतो, मजकुराच्या फॉन्टसाठी टिरो देवनागरी मराठी हा गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे आणि छापून छान दिसतो.

पहिलं प्रूफ कागदावरच वाचा, स्क्रीनवर नाही. नावं, सन, मापं, फोन नंबर यासाठी दोघांनी बसायचं, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफ बघायचं. जुन्या छापखान्यांत असंच करायचे आणि आजही याहून खात्रीची पद्धत मला माहीत नाही. आमच्याकडे बारवांच्या मापांचं अख्खं परिशिष्ट असंच वाचलं गेलं, माझी भाची आकडे वाचायची आणि मी कागदावर टिक करायचे, फूट आणि मीटरसकट.

चुका कुठे लपतात ते सांगते, कारण या जागा मुद्रितशोधकसुद्धा कधीकधी ओलांडून जातो:

- मोठ्या टाइपातली शीर्षकं. डोळा ती वाचतच नाही, ओळखतो.
- फोटोंच्या ओळी, आणि फोटो त्याच ओळीचा आहे का
- प्रत्येक पानाच्या डोक्यावर येणारं प्रकरणाचं नाव
- अनुक्रमणिकेतले पान क्रमांक आणि शीर्षकांचे शब्द
- मुखपृष्ठ, कणा, मलपृष्ठ. ही फाइल बहुतेक वेळा वेगळा माणूस करतो आणि ती मुद्रितशोधकाकडे जातच नाही. मुद्दाम पाठवा.
- आभार. ज्यांचे आभार मानायचे त्यांचंच नाव चुकलं तर काय उपयोग.

दुसरं प्रूफ आलं की सगळं पुस्तक पुन्हा वाचायची गरज नाही. पहिल्या प्रूफवरच्या खुणा एकेक करून लागल्यात का ते बघायचं, आणि प्रत्येक खुणेच्या खालच्या-वरच्या दोन ओळीही वाचायच्या, कारण करेक्शन लावताना शेजारचा शब्द उडतो किंवा दोनदा येतो. मग नुसती पानं चाळायची: परिच्छेदाची शेवटची एकच ओळ पुढच्या पानावर एकटी गेलीय का, शीर्षक पानाच्या तळाला लटकलंय का. शक्य असेल तर तिसरं प्रूफ घ्या, पण प्रूफवर वाक्यं नव्याने लिहायला बसू नका. प्रूफ म्हणजे चुका काढायची जागा, विचार बदलायची नाही, त्याची वेळ सातव्या पायरीवर होती.

९. छापायला सोडण्याआधी

छापखान्याला जाणारी पीडीएफ तीच आहे ना जी तुम्ही शेवटची तपासली, हे तारीख बघून खात्री करा. एका प्रतीचा डिजिटल प्रिंट काढून मागा, काळं-पांढरं असलं तरी चालेल, आणि तो हातात घेऊन पानं उलटा. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात पानांची संख्या शक्यतो १६ च्या पटीत येऊ द्या, नाहीतर शेवटी कोरी पानं राहतात किंवा वेगळा अर्धा फर्मा करावा लागतो, त्याचा खर्च आधी विचारून घ्या.

श्रेयाच्या पानावर संपादकाचं आणि मुद्रितशोधकाचं नाव घाला, त्यांना विचारून. सुचवलेले फार बदल तुम्ही नाकारले असतील तर एखादा संपादक नाव नको म्हणतो, ते त्याचं बरोबर आहे.

आणि डीटीपीवाल्याचं शेवटचं बिल चुकतं करताना त्याच्याकडून फक्त पीडीएफ घेऊ नका. मूळ उघडणारी फाइल, लिंक केलेले फोटो आणि वापरलेल्या फॉन्टची नावं असं पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, सोबत शैलीपत्रक ठेवा. पुस्तक आलं की एक प्रत 'दुरुस्ती प्रत' म्हणून बाजूला काढा आणि वाचक जे जे कळवतील ते त्या त्या पानावर पेन्सिलने लिहीत जा. दुसरी आवृत्ती काढायची झाली की हे फोल्डर आणि ती प्रत दोन्ही सरळ मुद्रितशोधकाकडे देता येतात.